चिकूचं दातांचं स्केलिंग (मशीनने कीटण खरवडून काढणं) : ४ स्टार, पाचवा का कापला ते पण लिहिलंय

आमचा चिकू पॉमेरेनियन, वय ९. तोंडाला वास इतका की शेजारी बसून जांभई दिली की माणूस उठून जायचा, आणि उजव्या बाजूने चावणं त्याने बंदच केलेलं, बिस्किटसुद्धा डावीकडे सरकवून खायचा. आधी एका ग्रूमिंगवाल्याला विचारलं तर तो म्हणे भूलबिल काही नको, दोघं धरून ठेवू आणि दात पांढरेशुभ्र करून देऊ, पैसेही निम्म्याहून कमी. इथल्या, म्हणजे या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या, डॉक्टर मॅडमनी मात्र तोंडावर सांगितलं, जाग्या कुत्र्याचं स्केलिंग मी करत नाही, करायचं तर दुसरीकडे करा. मला तिथेच पटल्या.

कारण दिसतं ते पिवळं कीटण सगळं वरवरचं, खरा घोळ हिरडीच्या आत असतो आणि तिथे मशीनचं टोक कुठलंही जागं कुत्रं घालू देणार नाही. शिवाय त्या मशीनमधून सारखं पाणी उडतं, ते घाणीसकट फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनळीत ट्यूब घालून तिचा फुगा फुगवतात, आणि हे भूल दिल्याशिवाय होतच नाही. वरून खरवडून दात पांढरे दिसले तरी आतला पू तसाच, फक्त आपल्याला वाटतं काम झालं. अमेरिकेतल्या व्हेटर्नरी डेंटल कॉलेजचा (प्राण्यांच्या दंततज्ज्ञांची संस्था) पण बिनभुलीच्या स्केलिंगला विरोधच आहे.

लगेच तारीख दिली नाही हेही बरं वाटलं. आधी रक्त तपासलं, किडनी लिव्हर सगळं, वय बघून ईसीजी काढला, मगच. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं, सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. दुपारी मॅडमचा फोन, "अहो ताई, वरची मोठी दाढ हलतेय, काढावी लागेल, काढू ना?" आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, त्यात एक बारीक खुणा केलेली सळई हिरडीत पार आत गेलेली. कुत्र्यात ३ मिलिमीटरपर्यंत गेली तर ठीक, इथे ९. या दाढेला तीन मुळं असतात त्यामुळे अशी उपटून निघत नाही, तीन तुकडे करून एकेक काढली, वर टाके. हीच दाढ सडली की डोळ्याखाली सूज येते आणि लोक डोळ्याचे ड्रॉप घालत बसतात म्हणे. शेवटी पॉलिश केलं, ते शोभेसाठी नसतं बरं का, खरवडल्यावर दात खरखरीत राहतो आणि त्यावर कीटण पुन्हा पटकन धरतं.

आता स्टार का कापला. एक तर दातांचा एक्स-रे इथे नाही, म्हणजे हलणारी दाढ कळली पण जी हलत नाही तिचं मूळ आतून कसंय ते कोण सांगणार? एवढं सगळं नीट करणाऱ्यांनी हे मशीन घ्यायला हवं. दुसरं म्हणजे अंदाज दिला साडेसहा हजार आणि हातात पडलं साडेनऊचं बिल, दाढ काढायचे पैसे फोनवर एका शब्दाने सांगितले नव्हते. पैशाचं नाही एवढं, पण काउंटरवरचा मुलगा "ते तसंच असतं" म्हणाला त्याने डोकं फिरलं. आणि बाहेर कुत्री मांजरी सगळी एकाच बाकावर, बिचारी मांजरं पिंजऱ्यात फिस्कारत बसलेली.

घरी आल्यावर पहिले काही दिवस दहीभात, मऊ केलेलं चिकन. आता रोज ब्रश, कारण दातावरचा थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, आठवड्यातून एकदा घासून काही उपयोग नाही. आपली पेस्ट अजिबात नाही हं, कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असतं ते त्यांना विषारी. चिकनच्या चवीची पेस्ट मिळते ती घेतलीय, चिकू ब्रशच चावून खातो. सासूबाई म्हणतात, एवढे लाड माझ्या कवळीचे नाही कोणी केले. नळीचं हाड पण बंद, मॅडमनी सांगितलंय की कडक हाडाने दाढा तडकतात.

वास गेला, उजवीकडून चावतोय. दाखवायला आणायचं तर संध्याकाळी ७ नंतर नका येऊ, खूप थांबवतात, आणि पार्किंग नाहीच, रिक्षा करा.