ल ग्विन वाचायच्या ठरवल्यात, तर आधी ‘लेफ्ट हँड’ की ‘डिस्पझेस्ड’?

उर्सुला ल ग्विन यांची ‘अर्थसी’ मालिका वाचून झालेली असते, नाहीतर कुणा ना कुणाकडून त्यांचं नाव सारखं कानावर येत असतं, आणि मग प्रश्न पडतो की त्यांची विज्ञान कादंबरी घ्यायची तर कोणती. शोध बहुतेक वेळा दोनच पुस्तकांवर येऊन थांबतो : 1969 चं ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ आणि 1974 चं ‘द डिस्पझेस्ड’. ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार दोघांनाही मिळालेले असल्यामुळे त्या बाजूने काही मदत होत नाही. मी दोन्ही वाचली आहेत, दोन्ही पुन्हा वाचली आहेत आणि घरच्यांना, मित्रांना आग्रहाने वाचायला दिली आहेत. पुस्तक दिल्यावर त्या माणसाचं काय होतं हे पाहत आलो, त्यावरून माझं एक मत बनलं आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, हे मान्य करूनच सांगतो.

क्रमाचा प्रश्न आधी मिटवू. दोन्ही पुस्तकं एकाच कल्पित विश्वातली आहेत, पण एकावाचून दुसरं अडत नाही. कथेच्या काळाचा विचार केला तर नंतर लिहिलेलं ‘डिस्पझेस्ड’ आधी घडतं. कितीही प्रकाशवर्षं मधे असली तरी क्षणात निरोप पोचवणारं ‘अ‍ॅन्सिबल’ नावाचं यंत्र ‘लेफ्ट हँड’मधला गेन्ली आय सोबत घेऊन आलेला असतो, आणि ते यंत्र ज्या सिद्धांतावर उभं आहे तो मांडण्यासाठी ‘डिस्पझेस्ड’चा नायक शेवेक आयुष्य वेचतो. हा धागा हाती लागला की छान वाटतं. पण तेवढ्यासाठी क्रम ठरवू नका.

‘लेफ्ट हँड’ घडतं गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावर. तिथली माणसं कायमची बाई किंवा कायमचे पुरुष नसतात. साधारण 26 दिवसांच्या चक्रात काही दिवस ‘केमर’ येतो, तेवढ्यापुरतं शरीर एका बाजूला कलतं, आणि कुठल्या बाजूला हे आधी ठरलेलं नसतं. एका मुलाचा बाप असलेला माणूस दुसऱ्याची आई होऊ शकतो. राजासुद्धा गरोदर राहतो. ल ग्विनबाईंचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ. त्या घरचं वळण पुस्तकभर जाणवतं. मधेच एखादी लोककथा येते, मधेच आधी येऊन गेलेल्या एका निरीक्षकाची टिपणं, मधेच गेथेनच्या लोकांची उत्पत्तिकथा. काही वाचकांना हे तुकडे वाटेतल्या अडथळ्यांसारखे वाटतात. मला उलट त्यांच्यामुळेच तो ग्रह खरा वाटायला लागला.

आणि मग हिमपठार. पुस्तकाच्या शेवटच्या भागात दोन माणसं स्लेज ओढत गोब्रिनचं बर्फ पार करायला निघतात, भर हिवाळ्यात, सुमारे 80 दिवस. रोजच्या अन्नाचा हिशेब, तंबूतल्या छोट्या शेगडीची ऊब, एका तंबूत अंग चोरून झोपलेले दोन परके जीव. एके ठिकाणी असं हवामान येतं की सगळीकडे सारखा पांढरा उजेड पसरतो आणि सावलीच पडत नाही. सावली नाही म्हणून पुढची भेग दिसत नाही, आणि पाऊल टाकणंच अशक्य होतं. पुस्तकाच्या नावात अंधार का आहे हे तिथे अंगावर येतं. मी वाचलेल्या विज्ञान कादंबऱ्यांमध्ये दोन माणसांच्या मैत्रीबद्दल याहून चांगलं काही मला आठवत नाही.

मग अडलं कुठे? गेन्ली आयपाशी.

गेन्ली हा पृथ्वीवरून आलेला दूत, आणि बरीचशी गोष्ट तोच सांगतो. एस्त्राव्हेन हा कार्हाइड देशाचा पंतप्रधान, आणि पुस्तकातलं सगळ्यात विश्वासू माणूस. वाचकाला हे फार लवकर उमगतं. सहाव्या प्रकरणात एस्त्राव्हेन स्वतःच बोलायला लागतो, त्यानंतर तर शंकेला जागाच उरत नाही. गेन्लीला मात्र ते पुढची कितीतरी पानं कळत नाही. न कळण्याचं कारणही तो स्वतःच सांगत राहतो : या माणसात त्याला काहीतरी ‘बायकी’ दिसतं, आणि बायकी म्हणजे बेभरवशाचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. तो ज्याच्याकडे भाड्याने राहतो त्या घरमालकाला चौकस आणि गप्पिष्ट स्वभावावरून तो मनात घरमालकीण ठरवून टाकतो. मुलं किती झाली असं विचारल्यावर कळतं की त्या माणसाने एकाही मुलाला जन्म दिलेला नाही, चार मुलांचा तो बाप आहे.

बाईंनी हे जाणूनबुजून केलं आहे, यात मला शंका नाही. डोळ्यांवर झापड असलेला माणूस सांगणारा म्हणून निवडायचा आणि बर्फावर ती झापड उतरताना दाखवायची, हाच तर कादंबरीचा कणा आहे. दुसऱ्या वाचनात हे सगळं सुरेख बसतं. पण पहिल्या वाचनात मी पुस्तकाचा अर्ध्याहून जास्त भाग एका अशा माणसाच्या डोक्यात काढला, ज्याला खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. बर्फाकडे नेणारं प्रकरण पंधरावं आहे, एकूण वीसांपैकी. तोवर टिकायचं म्हणजे दरबारातलं राजकारण, शेजारच्या देशातल्या समित्या आणि या सगळ्यातून चुकीच्या माणसांवर भरवसा ठेवत जाणारा गेन्ली, हे सहन करायचं.

माझ्यापुरता निकाल याच गोष्टीने लावला. कारण हे पुस्तक मी ज्यांना ज्यांना दिलं त्यांच्यापैकी बरेच जण नेमके याच पट्ट्यात थांबले. माझ्या भाचीने तर स्पष्ट सांगितलं, “मामा, हा माणूस मला आवडत नाही, आणि मला त्याच्याबरोबर प्रवास करायचा नाही.” पुढे फार सुंदर आहे, असं मी म्हणत राहिलो. पण पुढच्या सौंदर्याच्या हवाल्यावर कुणाला दीडशे पानं चालवत नेता येत नाही. आपल्याकडे विज्ञान साहित्याची गोडी पुष्कळांना कथांमधून लागते. नारळीकरांच्या कथा, दिवाळी अंकातल्या विज्ञानकथा. त्यामुळे कल्पना थोड्या पानांत उलगडण्याची सवय असते, आणि ही वाट जास्तच लांब वाटत असावी, असा माझा अंदाज आहे.

यातच आणखी एक भर. मूळ इंग्रजीत गेथेनच्या प्रत्येक माणसाचा उल्लेख पुरुष म्हणूनच होतो, त्यामुळे वाचताना तो पुरुषांचाच ग्रह वाटायला लागतो. यावर टीका झाली. बाईंनी 1976 च्या एका निबंधात आपल्या निवडीचं समर्थन केलं, आणि 1987 मध्ये त्याच निबंधाला नव्या टिपा जोडून आपलं मत बदलल्याचं मोकळेपणाने लिहिलं. लेखक म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा आदर यामुळे वाढलाच, पण पहिल्यांदा वाचणाऱ्यासमोर ते निबंध नसतात.

आता ‘डिस्पझेस्ड’. एक ग्रह उर्रास, आणि त्याच्याभोवती फिरणारा अनार्रेस. साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओडो नावाच्या विचारवंत बाईचे अनुयायी उर्रास सोडून अनार्रेसवर गेले आणि तिथे सरकार, कायदा, तुरुंग, पैसा, मालमत्ता यांपैकी काहीही नसलेला समाज त्यांनी उभा केला. शेवेक तिथला भौतिकशास्त्रज्ञ. उर्रासवर पाऊल ठेवायला तो निघतो, आणि पुस्तक एका भिंतीच्या वर्णनाने सुरू होतं. पहिल्याच प्रकरणात त्याच्यावर दगडफेक होते आणि एकाचा जीव जातो. का, हे समजून घ्यायला वाचक लगेच पुढे सरकतो.

इथे शेवेकबरोबर राहायला त्रास होत नाही. तो अवघडतो, चिडतो, एकटा पडतो, पण ज्याच्याकडे पाहतो त्याला समजून घ्यायचा प्रयत्न करतो. त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही बराच वेळ दिसत नाही, त्यामुळे वाचक त्याच्या पुढे धावत नाही, बरोबर चालतो. दोन पुस्तकांतला माझ्या मते खरा फरक हा आहे.

मराठी वाचकाला अनार्रेस फार परका वाटणार नाही, असं मला मनापासून वाटतं. शासनमुक्त समाजाचं स्वप्न विनोबांनी आपल्यासमोर मांडलं होतं. 1951 पासूनची भूदानाची पदयात्रा ही त्याच वाटेवरची होती. ओडोच्या लेखनात तुरुंगातली पत्रं आहेत हे वाचताना मला धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये सांगितलेली ‘गीता प्रवचने’ आठवली. बाईंची प्रेरणा वेगळी होती, त्यांनी क्रोपोटकिन हा रशियन अराज्यवादी विचारवंत वाचला होता. पण सर्वोदयाबद्दल घरात चर्चा ऐकलेल्या माणसाला ओडोचे विचार अर्ध्या वाटेवर भेटतात.

आणि जिथे ते स्वप्न चिरफाळतं तिथे तर जास्तच ओळख पटते. अनार्रेसवर कायदा नाही, पण ‘लोक काय म्हणतील’ आहे. संस्थेतला साबुल नावाचा ज्येष्ठ शास्त्रज्ञ शेवेकचं काम छापून यायला हवं असेल तर स्वतःचं नाव त्यावर घालायला लावतो. पद नाही, अधिकार नाही, आणि तरी त्याच्याशिवाय पान हलत नाही. तिरिन नावाचा मित्र एक नाटक करतो, लोकांना ते रुचत नाही, आणि कुणीही शिक्षा न सुनावता तो माणूस मोडून पडतो. दुष्काळाच्या वर्षांत शेवेक आणि त्याची जोडीदार ताक्वेर यांना वेगवेगळ्या ठिकाणी कामाला पाठवलं जातं, आणि ‘तुमची ताटातूट करा’ असा हुकूम कुणीच दिलेला नसतो. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत एकदा जरी एकटं पडून बोलला असाल, तरी ही प्रकरणं तुम्हाला आतून कळतील.

दोष आहेत. चर्चा पुष्कळ आहे, काही पानांवर पात्रं बोलत नसून विचारप्रणाली बोलताहेत असं वाटतं. उर्रासवरच्या स्त्रिया फार पुसट आहेत. सातव्या प्रकरणात दारूच्या नशेत शेवेक व्हेआ नावाच्या बाईशी जे वागतो ते वाचायला क्लेशकारक आहे, आणि पुस्तक त्या प्रसंगावरून ज्या घाईने पुढे जातं ते मला आजही खटकतं. कुणाला हे पुस्तक देताना मी त्याची कल्पना आधी देतो. प्रकरणं आलटून पालटून दोन काळांत चालतात, हेही सांगतो : एक उर्रासवरचं आत्ताचं, एक अनार्रेसवरचं मागचं. एकदा लक्षात आलं की त्याची मजा येते, कारण मागची गोष्ट जिथे संपते तिथूनच पहिलं प्रकरण सुरू झालेलं असतं.

पुस्तक संपल्यावर काय होतं, हाही मुद्दा आहे. ‘लेफ्ट हँड’ संपवलेली माणसं मला फोन करून फारसं बोलली नाहीत. “वाचलं. अजून त्यातून बाहेर आलो नाही,” एवढंच. ती गप्प राहण्याची जागा मोलाचीच आहे. ‘डिस्पझेस्ड’ संपवलेली माणसं मात्र भांडायला येतात. एका मित्राचं म्हणणं की अनार्रेस ही सुंदर फसवणूक आहे. त्याची बायको म्हणते की उर्रासवर एफोर नावाचा नोकर गरिबांच्या वस्तीबद्दल सांगतो ते ऐकल्यावर अनार्रेसचा दुष्काळही परवडला. ते दोघं अजून त्यावर एकमत झालेले नाहीत, आणि मला त्यांच्याकडे जेवायला गेलं की हाच विषय निघावा असं वाटतं. तुम्ही कुणाबरोबर मिळून वाचणार असाल तर हे लक्षात घ्या.

एकटं, शांतपणे वाचणारा आणि सुरुवातीच्या संथपणाने न बिचकणारा वाचक असेल, त्याला मी आजही आधी ‘लेफ्ट हँड’ देईन. प्रवासवर्णनं, गिर्यारोहणाची पुस्तकं आवडणाऱ्यालाही तेच. बाकी कुणी विचारलं तर माझा हात ‘डिस्पझेस्ड’कडे जातो, आणि मग गेन्लीबरोबर चालण्याइतका बाईंवर विश्वास तयार झालेला असतो. सुरुवात करताना पहिली दोन प्रकरणं एका बैठकीत वाचा. दुसऱ्या प्रकरणात पाळणाघरात उन्हाच्या तुकड्यावर हक्क सांगणारा लहानगा शेवेक भेटेपर्यंत पुस्तक खाली ठेवू नका.