लिव्हर की गिअरबॉक्स? हाताने चालणारा बटरफ्लाय व्हॉल्व्ह निवडताना

लोटे-परशुराम किंवा महाडच्या एमआयडीसीत कूलिंग वॉटरच्या लाइनसाठी व्हॉल्व्ह मागवायचा झाला, की पहिला प्रश्न हाच. या व्हॉल्व्हमध्ये पाइपातली गोल चकती, म्हणजे डिस्क, फिरून पाणी अडवते. पाइप १५० मिमीपर्यंत आणि दाब बेताचा असेल तर लिव्हर, म्हणजे डिस्क थेट फिरवणारा दांडा, पुरतो. ९० अंश फिरवला की बंद; दांडा पाइपाला समांतर म्हणजे उघडा, हे लांबूनही दिसतं. किंमतही कमी. पण हाच वेग नडतो. लांब लाइनवर लिव्हर झटक्यात बंद केला तर वॉटर हॅमर (अचानक अडलेल्या पाण्याचा दणका) बसतो आणि फ्लँजचे, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या बोल्ट लावायच्या कड्यांचे, जोड गळू लागतात.

२०० मिमीपासून पुढे गिअरबॉक्सच घ्यावा; त्यात चाक फिरवून डिस्क हलवतात. आतला वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) डिस्कला जागेवर धरून ठेवतो, त्यामुळे अर्धवट उघडून प्रवाह नेमका ठेवायला लिव्हरच्या खाचांपेक्षा तो कितीतरी बरा. मात्र आपल्या कोकणातली खारी हवा आणि पाऊस त्याला सोसत नाही. कव्हरचं सील गेलं की पाणी आत शिरतं, ग्रीस दुधाळ होतं, चाक जाम. मग कोणीतरी चाकात पाइप अडकवून जोर लावतो आणि आतली पिन तुटते. पावसाळ्याआधी सील आणि ग्रीस तपासाच. लिव्हरची खाचपट्टी व स्प्रिंगही गंजते, पण ती बाहेर असल्याने बदलणं सोपं.

बसवताना डिस्क जवळजवळ बंद ठेवून व्हॉल्व्ह फ्लँजमध्ये सरकवा, मग पूर्ण उघडून समोरासमोरचे बोल्ट आवळा. रबर सीट फ्लँजवर बसत असेल तर वेगळं गॅस्केट नको.

समुद्राचं पाणी असेल तर ३१६ स्टेनलेसच्या डिस्कला खड्डे पडतात. अॅल्युमिनियम ब्राँझ किंवा डुप्लेक्स (स्टेनलेसचाच गंजाला जास्त टिकणारा प्रकार) मागा.