बी.एस्सी.च्या विद्युत-चुंबकत्वाची शिकवणी, लातूर : मार्क मागून मिळत नाहीत

लातुरात नीटचे क्लास गल्लोगल्ली सापडतात, बी.एस्सी. फिजिक्सची शिकवणी मात्र शोधावी लागते. औसा रोडच्या मागच्या गल्लीत एका सरांकडे मी या पेपरची शिकवणी लावली होती.

नुसतं उत्तर लिहिलं तर दहापैकी दोन मार्क, हे सर आधीच सांगतात. गाउसचा नियम (बंद पृष्ठभागाच्या आतल्या प्रभारावरून विद्युतक्षेत्र काढायचा) लावायचा तर सममिती कोणती आणि पृष्ठभाग गोल घेतला की दंडगोल, ते का, हे साध्या मराठीत लिहायचं, इंटिग्रल नंतर. निर्वाताच्या विद्युत स्थिरांकाचा (ε₀), म्हणजे ८.८५ × १०⁻¹² चा घातांक चुकला तर अर्धाच मार्क जातो. पण अनंत लांब तारेचं क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात लिहिलं की सरळ शून्य! ते बिंदुप्रभाराचं, तारेचं नुसत्या अंतराच्या. मला हा हिशेब पटला. कॉलेजात पाठ केलेल्या सिद्धतेलाही भरघोस मार्क पडायचे.

लेन्झच्या नियमासाठी (चुंबक हलला की धातूत वीज निर्माण होते, म्हणजे प्रवर्तन, आणि ती त्या हालचालीलाच विरोध करते) सरांनी तांब्याच्या नळीतून चुंबक सोडला. तो इतका रेंगाळत खाली आला की मागच्या बाकावरची पोरं उठून पुढं आली. (तेव्हा लाइट गेलेली होती. प्रवर्तन शिकायला याहून बरा मुहूर्त कुठला?)

कर्ल, डायव्हर्जन्स हे सदिशांचं गणित येतंच असं सर धरून चालतात. ते आधी करून जा. मॅक्सवेलची समीकरणं, म्हणजे या विषयाचं सार असलेली चार समीकरणं, शेवटी घाईत उरकली. पेपर तपासून मिळायला फार उशीर. फी हप्त्यानं चालते, गाडी लावायला जागा नाही.