अँकी : जर्मनसाठी उत्तम, पण कार्डं स्वतः बनवा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीला जायचं म्हणून ए-१, ए-२ (जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या) करणाऱ्यांना शब्द पक्के करायला अँकी हे ॲप बिनदिक्कत सुचवावं. पुढे प्रश्न, मागे उत्तर अशी कार्डं ते ठरावीक अंतराने पुन्हा दाखवतं. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर 'अँकीड्रॉइड' नावाने तेही फुकट. आयफोनवर मात्र एकदा बऱ्यापैकी पैसे मोजावे लागतात. मिळत्याजुळत्या नावांची दुसरी ॲप्स असतात, तेवढं बघून घ्या.

आधी सेटिंग. रोज २० नवी कार्डं ही मूळ मर्यादा ८ वर आणा. प्रत्येक कार्ड सुरुवातीला पुन्हा पुन्हा फिरून येतं, त्यामुळे २० ठेवली की काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशेवर जाते. बहुतेकांचं अँकी इथेच सुटतं. 'एफएसआरएस' (कुठलं कार्ड परत कधी दाखवायचं हे ठरवणारी पद्धत) चालू करा, त्यातला ०.९० हा आकडा, म्हणजे शंभरातली नव्वद कार्डं आठवावीत हे लक्ष्य, तसाच राहू द्या.

सगळ्यात मोठा घोळ उत्तर बघून दाबायच्या बटणांचा. 'हार्ड' म्हणजे अडखळत का होईना, आठवलं. आठवलंच नाही तर 'अगेन'. मनाला बरं वाटावं म्हणून हार्ड दाबलं, तर ॲप तुम्हाला पास समजतं आणि न येणारा शब्द पुढे ढकलतं.

तयार डेकच्या (दुसऱ्यांनी बनवलेल्या कार्डांच्या संचांच्या) नादी लागू नका. त्यात बरेचदा सुटे शब्द असतात, आर्टिकलचा, म्हणजे नामाचं लिंग दाखवणाऱ्या 'डेअर' (पुल्लिंगी), 'डी' (स्त्रीलिंगी), 'डास' (नपुंसकलिंगी) यांचा पत्ता नसतो. नाम लिहाल ते आर्टिकल आणि अनेकवचनासकट: 'डी ब्र्युके, ब्र्युकन' (पूल). मराठीतही लिंगं तीनच, पण आपला 'तो पूल' तिकडे स्त्रीलिंगी, आणि जीभ सवयीने 'डेअर' म्हणून मोकळी होते. म्हणून पुढच्या बाजूला मराठी शब्दाऐवजी चित्र टाका. 'आनरूफन'सारख्या (फोन करणे) क्रियापदाला पूर्ण वाक्यच हवं ('इश रूफे दिश आन', मी तुला फोन करतो), नाहीतर शेवटचा 'आन' बोलताना हमखास गळतो.

रीतिरिवाजांचीही कार्डं करा, हे फार कमी जण करतात. पुढे: वेटर विचारतो, 'त्सुझामेन ओडर गेट्रेंट?' (बिल एकत्र की वेगवेगळं?) मागे: 'गेट्रेंट, बिटे.' ज्याचं त्याने द्यायचं, त्यात कुणाला कमीपणा नाही. दुसरं: घरमालक तुमच्याहून लहान आहे, काय म्हणाल? 'झी'च (आदराचं 'तुम्ही'). आपल्यासारखं वय बघून अरे-तुरेवर यायचं नाही. 'डू' (तू) म्हणूया असं सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस सुचवतो.

बोलायला मात्र अँकी शिकवत नाही, त्याला माणूसच लागतो. आणि एखादं कार्ड आठ वेळा विसरलात की ॲप त्यावर 'लीच' अशी खूण करतं. ते तसंच पुढे चालवू नका. वाक्य बदलून नवं लिहा.