यंग अ‍ॅडल्ट प्रेमकादंबऱ्या: आठ महिने वापरल्यानंतर

आधी हिशेब. आठ महिन्यांत ३४ कादंबऱ्या हातात घेतल्या. २५ संपवल्या, ९ अर्ध्यावर सोडल्या, आणि त्या नवांपैकी दोन अशा की सोडल्या हे मलाही नंतर यादी करताना कळलं. माझं वय ४६. म्हणजे ही पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहितात, त्यांच्या आईच्या वयाची मी.

सुरुवात हौसेनं झालेली नाही. एका लांबलेल्या आजारपणानंतर माझं वाचन बंद पडलं होतं. डोळे ठीक होते, डोकं टिकत नव्हतं. आवडत्या लेखकाची जाड कादंबरी उघडायची, तीच ओळ चारदा वाचायची आणि मिटून ठेवायची, असं सहा महिने चाललं. सोळा वर्षांची भाची एकदा म्हणाली, "मावशी, हे घे. याला डोकं लागत नाही." तिनं ते कौतुकानंच म्हटलं होतं. मी मात्र मनातून जरा दुखावले. तीन दिवसांत ते पुस्तक संपलं, तेव्हा दुखावणं विसरले आणि दुसरं मागितलं.

ज्यांना 'यंग अ‍ॅडल्ट कंटेम्पररी रोमान्स' हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणजे साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठीचं लेखन. 'कंटेम्पररी' म्हणजे त्यात रक्तपिपासू नाहीत, ड्रॅगन नाहीत, राजवाडे नाहीत. आजची शाळा, आजचे फोन, आजचे आईवडील. आणि रोमान्स म्हणजे प्रेमकथा बाजूला चाललेली नाही, तीच मुख्य. प्रकरणं छोटी, निवेदन बहुतेक वेळा 'मी'चं आणि तेही वर्तमानकाळात. कधी एक प्रकरण तिचं, एक त्याचं. प्रकरणाच्या शेवटी दार वाजतं किंवा मेसेज येतो. थकलेल्या डोक्याला ही रचना फार मानवते, कारण 'आणखी एकच' म्हणत आपण चार प्रकरणं पुढे जातो. माझं वाचन परत आलं ते या छोट्या प्रकरणांमुळे, प्रेमामुळे नाही. हे श्रेय आधीच देऊन टाकते, कारण पुढे तक्रारी येणार आहेत.

मोठ्या माणसांनी ही पुस्तकं वाचणं फार विचित्र आहे अशी लाज सुरुवातीला वाटायची. मग वाचनात आलं की अमेरिकेतल्या बोकर या संस्थेनं २०१२ साली केलेल्या पाहणीत, १२ ते १७ वयोगटासाठी काढलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून मोठे निघाले होते. सगळ्यात मोठा गट ३० ते ४४ वयाचा. मी त्याही गटातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली. तरी धीर आला.

आता ट्रोप्स, म्हणजे पुस्तकागणिक पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरलेल्या कथायुक्त्या. हा शब्द भाचीनं शिकवला. ती कव्हर बघून पुस्तक निवडते, मी ट्रोप बघून, आणि त्यावरून ती मला हसते. मला सगळ्यात मानवलेला ट्रोप म्हणजे फेक डेटिंग, प्रेमाचं नाटक. जेनी हान यांची २०१४ साली आलेली 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर' यासाठी आदर्श म्हणावी लागेल. लारा जीन आपल्या आवडलेल्या पाच मुलांना पत्रं लिहून ठेवते. पाठवायची नसतातच ती, मनातून काढून टाकायला लिहिलेली असतात. पण ती पोचतात. मग लाज वाचवायला त्यातल्याच एकाशी, पीटरशी, खोटं खोटं जमल्याचं नाटक आणि त्याचा चक्क लेखी करार. ही युक्ती का चालते याचा मी बराच विचार केला. सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं खऱ्या प्रेमात असतात तेव्हा काहीच स्पष्ट बोलत नाहीत. नाटक करायचं ठरलं की मात्र नियम ठरवावे लागतात. हात धरायचा का, फोटो टाकायचा का, कोणाला सांगायचं. म्हणजे बोलणं भागच पडतं. खोट्या प्रेमात जेवढा खरा संवाद असतो, तेवढा या प्रकारातल्या खऱ्या प्रेमात नसतो.

प्रेमत्रिकोण मला सोसत नाही. त्याबद्दल एवढंच.

संध्या मेनन यांच्या २०१७ च्या 'व्हेन डिंपल मेट ऋषी'मध्ये युक्ती उलटी आहे. दोघांचे आईवडील लग्नाच्या विचारानं दोघांची गाठ घालून देतात. ऋषीला हे माहीत असतं, डिंपलला नसतं. तो पहिल्याच भेटीत होणारी बायको म्हणून हाक मारतो आणि ती हातातली थंड कॉफी त्याच्यावर फेकते. ती तिथे अ‍ॅप बनवण्याच्या शिबिरासाठी आलेली असते आणि हा लग्नाच्या गोष्टी करतो! मी मोठ्यानं हसले. वर्षभरात पुस्तक वाचून मोठ्यानं हसल्याची ती पहिली वेळ.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे एवढं लिहितेय.

ई-रीडरवर खाली टक्के दिसतात. ७५ ओलांडले की मी सावरून बसते, कारण आता भांडण येणार. जवळपास प्रत्येक पुस्तकात येतंच. आणि भांडणाचं कारण दहापैकी सात वेळा रद्दी असतं: अर्धवट ऐकलेलं बोलणं, भलत्याच वेळी दिसलेला मेसेज, प्रेम जमायच्या आधी मित्रांशी लावलेली पैज. 'अरे, एक फोन कर ना!' असं मी पुस्तकावर ओरडलेली आहे. पहिल्या दोन महिन्यांत मी इथेच पुस्तकं सोडायचे. नऊपैकी सहा या टप्प्यावर सुटली.

मग लक्षात आलं की खरं पुस्तक याच्यानंतर सुरू होतं. माफीपाशी.

अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं रोमान्सची जी व्याख्या केली आहे, तिच्यात दोनच अटी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे भांडलेल्या दोघांना परत आणणं लेखिकेला चुकत नाही. आणायचे मार्ग दोनच. एक योगायोग (अपघात, पाऊस, विमानतळ), दुसरा माफी. योगायोग स्वस्त पडतो, पण वाचणाऱ्याच्या घशात अडकतो. म्हणून जिला लिहिता येतं ती माफी लिहिते, आणि सतरा वर्षांच्या पोराच्या तोंडून ती लिहायची म्हणजे शब्द साधे हवेत, लपायला जागा नाही. मी आयुष्यभर ज्या 'गंभीर' कादंबऱ्या वाचल्या त्यांत माणसं चुकली की गप्प होतात, दुरावतात, दारू पितात, मरतात. माफी कोणी मागत नाही. मागितलीच तर पत्र उशिरा पोचतं. इथे मात्र मुलगा दारात उभा राहून सांगतो की मी अमुक केलं, ते चूक होतं, तू रागावलीस ते बरोबर होतं. एवढंच. आणि निघून जातो.

वीसेक माफ्या वाचून झाल्यावर मी आणि भाचीनं मिळून त्यांची परीक्षाच ठरवून टाकली. माफी मागणारा आपण नेमकं काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगतो का? लगेच उत्तर मागतो का? (मागितलं तर गुण कापायचे.) चारचौघांत, माइक हातात घेऊन, सगळ्या शाळेसमोर मागतो का? हा प्रकार पडद्यावर गोड दिसतो. कागदावर तो त्या मुलीला कोंडीत पकडणं असतो, कारण शंभर माणसं बघत असताना ती नाही कशी म्हणणार? आणि सगळ्यात कडक नियम भाचीचा: 'सॉरी'नंतर 'पण' आला की माफी रद्द. मग पुढे कितीही सुंदर वाक्य असो.

या परीक्षेत २५ पैकी ११ पास झाली. हे प्रमाण मला चांगलं वाटतं. माझ्या ओळखीच्या मोठ्या माणसांची परीक्षा घेतली तर इतकी पास होणार नाहीत.

या नादात मागे जाऊन जुनी पुस्तकंही पाहिली. मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' १९४२ ची, ज्युडी ब्लूम यांची 'फॉरएव्हर' १९७५ ची. दोन्हींत शेवटी ताटातूट आहे. 'फॉरएव्हर'ची गोष्ट तर मजेची: ब्लूम यांच्या मुलीनं त्यांच्याकडे अशी गोष्ट मागितली की ज्यात दोन चांगली मुलं शरीरानं जवळ येतात आणि त्याची शिक्षा म्हणून कोणी मरत नाही. आईनं ती लिहिली, आणि पुढे कित्येक वर्षं ती ग्रंथालयांतून काढून टाकायच्या मागण्या होत राहिल्या. नाव 'कायमचं' आणि प्रेम मात्र कायमचं नाही. कॅथरीनचं मन बदलतं, बस. कोणाची चूक नाही, म्हणून माफीचाही प्रश्न नाही. मला हा शेवट आताच्या बऱ्याच गोड शेवटांपेक्षा खरा वाटला. आताच्या लेखिकांनाही हे कळतं बहुतेक, कारण त्यांचा गोड शेवटही 'सध्यापुरता' असतो. सतराव्या वर्षी जन्माची गाठ बांधून दिली तर वाचणारी पोरंही हसतील.

बाय द वे, जॉन ग्रीन यांची २०१२ ची ती प्रसिद्ध कॅन्सरवाली कादंबरी, 'द फॉल्ट इन अवर स्टार्स', वरच्या व्याख्येत बसत नाही. शेवट तसा नाही. आजारपणातून उठलेल्या माणसानं ती चौथ्या नंबरला वाचू नये. मी वाचली.

आता तक्रारी. पहिली, सगळ्यांचा आवाज एकच. ओळीनं तीन वाचली की कोणत्या नायिकेची बहीण कोण आणि कोणता नायक गिटार वाजवतो याचा काला होतो. सगळीच मुलं हजरजबाबी. मी ज्या सोळा वर्षांच्या मुलीला ओळखते तिचं निम्मं बोलणं "काय माहीत" आणि "असू दे" यावर भागतं. दुसरी, ठरलेल्या लकबी. आपण श्वास रोखून धरला होता हे नायिकेला तो सोडल्यावरच कळतं. किती वेळा? फुप्फुसांची तपासणी करून घ्या म्हणावंसं वाटतं. भुवया तर एवढ्या वर जातात की खाली कधी येतात ते लिहायचं राहून जातं. तिसरी, फोन आणि अ‍ॅप्सची नावं. पाच वर्षांपूर्वीचं 'आजचं' पुस्तक आज जुनं वाटतं, आणि १९८६ सालात मुद्दाम ठेवलेली रेनबो रॉवेल यांची 'एलेनॉर अँड पार्क' मात्र तशी वाटत नाही. तिथे कॅसेट आणि कॉमिक्स आहेत, आणि शाळेच्या बसमध्ये नुसता हात हातात घेण्याचं वर्णन एवढं भरून केलंय की मला पान मिटून थोडा वेळ बसावं लागलं.

चौथी तक्रार माझ्या वयाची आहे. या पुस्तकांतून मोठ्यांना वाटेतून बाजूला केलेलं असतं. आई वारलेली, नाहीतर कामात बुडालेली, बाबा प्रेमळ पण गाफील. कथेची गरज मला समजते. पण मी वाचताना आईच्याच बाजूची होऊन बसते. मुलगी रात्री खिडकीतून बाहेर पडते तेव्हा तिच्या काळजाचा ठोका चुकतो, माझा जीव खाली झोपलेल्या त्या बाईसाठी तुटतो.

व्यवहारातल्या दोन गोष्टी. एक, चित्रातल्या गोड जोडप्यांची रंगीत कव्हरं हल्ली किशोरांच्या आणि मोठ्यांच्या, दोन्ही प्रेमकथांना सारखीच असतात. मुलांना पुस्तक द्यायचं असेल तर कव्हरवर जाऊ नका, वयोगट तपासा. यंग अ‍ॅडल्टमध्ये शरीरानं जवळ येण्याच्या प्रसंगी बहुतेक वेळा दार लोटलेलं असतं; 'न्यू अ‍ॅडल्ट' म्हणून जो वरचा गट आहे, तिथे ते सताड उघडं असतं. दोन, डिजिटल वाचनालयातून घेतलेलं पुस्तक मुदत संपली की आपोआप परत जातं. माझं ९२ टक्क्यांवर गेलं. माफी मागायला तो जिना चढत होता. पुढे १९ दिवस वेटिंग. त्या १९ दिवसांत मी त्याच्यासाठी मनातल्या मनात चार माफ्या रचल्या, आणि शेवटी वाचली ती माझ्या चारही माफ्यांपेक्षा साधी होती.

ऑडिओबुक दोन ऐकली. पस्तिशीतला आवाज सोळाव्या वर्षाचा लाडिकपणा करतो ते कानाला झेपलं नाही.

गुण द्यायचेच तर पाचात साडेतीन. महिन्याला तीन, मध्ये एखादं वेगळं पुस्तक, हा माझा आताचा डोस. जाड कादंबरीही आता पुन्हा उघडते आणि ती उघडी राहते.

गेल्या आठवड्यात भाचीची छापील पुस्तकं परत केली. त्यांतल्या चार पुस्तकांत मी माफीच्या उताऱ्यांखाली रेघा ओढल्या होत्या. पेन्सिलीनं ओढल्या होत्या असा माझा समज होता. तासाभरात तिचा फोटो आला: निळी शाई, पानाच्या पलीकडे उमटलेली. तिला पुस्तकाचं पान दुमडलेलंसुद्धा चालत नाही, हे मला ठाऊक होतं. मी ताबडतोब लिहिलं, "सॉरी गं बाळा, माझंच चुकलं, पण तू आधी सांगायचंस ना की यात काही लिहायचं नाही."

तिचं उत्तर लगेच आलं.

"मावशी. 'पण'."