पीसी आता जुळवायचा की थांबायचं? कापसाची पट्टी हातात असताना करायचा हिशोब

माझा भाचा हिंगणघाटजवळच्या खेड्यात राहतो. लग्नं शूट करतो आणि एडिटिंगही स्वतःच करतो. जानेवारीत कापूस विकला, पट्टी हातात आली आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, नवा पीसी आता करू का थांबू? यूट्यूबवाले सारे थांबा म्हणतात, अन् दुकानदार म्हणते रॅम अजून महाग होईन."

गेल्या दोन महिन्यांत हाच प्रश्न मला आणखी चार-पाच जणांनी विचारला. गावोगावी पीसी जुळवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, पण आता घेतलं तर काय आणि थांबलं तर काय, हे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं.

थांबणं कधी फळतं

भाव चढलाय एवढंच बघू नका, का चढलाय ते बघा. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि आपल्याकडेही हार्डडिस्कचे भाव एकदम उसळले. पुढच्या महिन्यात घेऊ म्हणणारे तेव्हा अडकले. २०२१ मध्ये उलट झालं. क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डं अव्वाच्या सव्वा भावाने विकली जात होती. ज्यांनी तेव्हा दम धरला त्यांचं भलं झालं, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग बंद पडलं आणि तीच कार्डं बाजारात पडून राहिली.

आताची तेजी रॅमची आहे. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी जास्त पैसे देते, म्हणून कारखान्यांची ताकद तिकडे वळली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ बाजारातला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ या मागच्या पिढीच्या रॅमचं उत्पादन कंपन्या आधीपासूनच आवरत होत्या, त्यामुळे जुनी रॅमही स्वस्त राहिली नाही. मी गेल्या उन्हाळ्यात पाच हजारांच्या आत आणलेल्या १६ जीबी डीडीआर५ ला, म्हणजे चालू पिढीच्या रॅमला, डिसेंबरात दुकानदाराने दहाच्या वरचा आकडा सांगितला. मेमरीचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. म्हणून दोन-तीन महिने थांबून रॅम स्वस्त होईल, अशी आशा मी कुणाला लावत नाही.

लाँचची तारीख आपल्यासाठी नसते

थांबा म्हणणारे ज्या मालाबद्दल बोलतात तो बहुतेक वेळा महागडा माल असतो. एनव्हिडियाची ५० सिरीजची ग्राफिक्स कार्डं जानेवारी २०२५ मध्ये आली, पण आली ती ५०९० आणि ५०८०. आपल्या बजेटमधलं ५०६० यायला मे उजाडला. एएमडीचा रायझन ७६००एक्स प्रोसेसर सप्टेंबर २०२२ चा, साधा ७६०० जानेवारी २०२३ चा. इंटेलच्या बाराव्या पिढीचे मोठे प्रोसेसर नोव्हेंबर २०२१ मध्ये आले, आय५-१२४०० जानेवारी २०२२ मध्ये. इंटेलने नोव्हा लेक ही पुढची पिढी २०२६ च्या शेवटी आणू असं सांगितलंय. मागचा शिरस्ता धरला तर त्यातला आपल्या खिशाला परवडणारा प्रोसेसर २०२७ मध्येच हाताशी येणार. त्यावर नव्या बोर्डांचा भाव खाली बसायला आणखी वेळ.

शिवाय पहिल्या लॉटची खोट पहिल्या गिऱ्हाइकाच्याच पदरात पडते. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) बोर्डांवर काही रायझन ७८००एक्स३डी जळाल्याचे फोटो आले. एका व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालणारं नवीन बायोस, म्हणजे बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर, आल्यावर तो प्रश्न मिटला. पुण्या-मुंबईत राहणारा माणूस दुपारी सर्व्हिस सेंटरला जाऊन येतो. आमच्याकडे खराब मदरबोर्ड म्हणजे एसटीने नागपूर, पावती, मग दोन-तीन आठवडे वाट. लग्नसराईत तेवढे दिवस काम बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून खेड्यातल्या कामाच्या पीसीसाठी मी एक-दोन वर्षं बाजारात रुळलेलाच माल सुचवतो.

आणि पैसा. आमच्याकडे पैसा दिवाळीनंतर सोयाबीन आणि कापसाबरोबर येतो आणि मृगाच्या आधी बियाणं-खतात जातो. सहा महिने थांबतो म्हणणाऱ्याकडे जूनमध्ये तो पैसा उरलेला असेलच असं नाही. हे शहरातल्या सल्ल्यात कुठेच येत नाही आणि माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

भाच्याच्या पुढचे तीन रस्ते

त्याचा जुना पीसी सातव्या पिढीच्या आय५ चा, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ काड्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं, म्हणजे तो एका पिढीने हुकला. पण खरी अडचण वेगळीच होती. त्याने नवा कॅमेरा घेतलाय आणि तो १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगाची माहिती जास्त ठेवणारी पद्धत), एच.२६५ या घट्ट दाबलेल्या फॉरमॅटमध्ये शूट करतो. मी त्याच्या घरी बसून बघितलं. टाइमलाइनवर वरमाळेचा शॉट लावला, स्पेसबार दाबला, नवरी हार उचलते आणि चित्र तिथेच गोठतं. चार सेकंदांनी हार थेट गळ्यात. असा एडिट करणारा माणूस रात्री दोनपर्यंत जागणार नाही तर काय.

हे फुटेज उलगडायला प्रोसेसरमध्ये किंवा कार्डात खास सोय लागते. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांत ती आतल्या ग्राफिक्समध्ये असते, तिला क्विक सिंक म्हणतात. एनव्हिडियाने ४:२:२ ची सोय ५० सिरीजमध्ये दिली, ४० सिरीजमध्ये ती नव्हती. एवढं कळलं की रस्ते आपोआप वेगळे होतात.

पहिला रस्ता एएम४ या एएमडीच्या जुन्या सॉकेटचा: रायझन ५ ५६००. सहा कोर, ६५ वॅट, बोर्ड स्वस्त, जुनी डीडीआर४ चालते. पण याला आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड घ्यावंच लागतं. त्याच्या फुटेजसाठी एनव्हिडियाचं घ्यायचं तर ते ५० सिरीजचंच हवं. म्हणजे प्रोसेसरमध्ये वाचवलेला पैसा कार्डात जातो. गेमिंग करणाऱ्या पोरासाठी हा अजूनही चांगला सौदा आहे, भाच्यासाठी नाही.

दुसरा एएम५ चा: रायझन ५ ७६००. पुढे वाढवायला हाच उत्तम. एएमडीने हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं सांगितलंय, त्यामुळे तीन वर्षांनी बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल. पण एएम५ ला डीडीआर५ च लागते, म्हणजे सगळ्यात महाग झालेली वस्तू सगळ्यात महाग वेळी घ्यायची. त्याच्या आतल्या ग्राफिक्सला ४:२:२ ची सोयही नाही.

तिसरा इंटेलच्या एलजीए१७०० चा: आय५-१२४००, डीडीआर४ वाला बोर्ड. हे सॉकेट चौदाव्या पिढीवर संपलं, पुढे रस्ता नाही, ही त्याची खरी उणीव. पण भाच्याच्या जुन्या दोन्ही काड्या तशाच लागतात, क्विक सिंक आतच मिळतं आणि कार्ड आज न घेता भागतं.

इथे एका अक्षराने घात होतो. १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, दुकानदार तोच पुढे सरकवतो. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि त्याबरोबर क्विक सिंकही गेलं. डब्यावरचं अक्षर वाचूनच पैसे द्या.

माझं मत तिसऱ्या रस्त्याला पडलं. प्रोसेसर, बोर्ड, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आता. रॅम आणि कार्ड नंतर. आता की नंतर हा प्रश्न अख्ख्या पीसीला विचारायची गरजच नाही, एकेका पार्टला वेगळा विचारता येतो. आणि आज थांबायला सगळ्यात योग्य वस्तू रॅमच आहे, फक्त जुनी चालत असेल तर. त्याच्याकडे डीडीआर३ असती तर हा हिशोब कोलमडला असता आणि मी त्याला एएम५ वर ५० सिरीजचं कार्ड आणि १६ जीबीची एकच काडी घेऊन सुरुवात कर, म्हटलं असतं.

ऊन, लाइन आणि रुई

यावर मी जास्त वेळ घालवतो, कारण आमच्याकडे पीसी जुना होऊन कमी आणि या तिघांमुळे जास्त मरतात.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत जातं. पंचवीस अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर पंचेचाळीसच्या खोलीत नव्वदीला टेकतो. यूट्यूबवरचे आकडे एसीच्या खोलीतले असतात. म्हणून ६५ वॅटचा प्रोसेसर घ्या आणि त्यावर डब्यातल्यापेक्षा मोठा, टॉवरसारखा कूलर लावा.

खोलीतल्या वाळ्याच्या कूलरची हवा मात्र सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. कूलरच्या झोतासमोर ठेवलेला एक पीसी मी उघडला होता. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट डाग आणि बोर्डावर क्षाराचे पांढरे ठिपके, बोअरच्या पाण्याचे. पीसी बाजूच्या भिंतीला ठेवा, खिडकी उघडी राहू द्या.

लाइनचं तर विचारू नका. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला की संध्याकाळी व्होल्टेज पार खाली जातं. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट वाचा. काहींवर २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १०० ते २४०. १७० व्होल्टला पहिला बंद पडतो, दुसरा चालत राहतो. फरक पाच-सातशे रुपयांचा असेल, तो द्या. रेंडर अर्ध्यात असताना लाइन गेली तर फाइल सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता तरी यूपीएस हवा. आणि अर्थिंग. घरात अर्थिंग नसेल तर पीसीच्या आधी खड्डा करून ते करून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी घरं मी दर महिन्याला बघतो.

हिंगणघाटसारख्या जिनिंगच्या गावात तिसरा शत्रू म्हणजे रुई. भाच्याच्या जुन्या पीसीचा प्रोसेसरवरचा पंखा मी काढला तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये करड्या रंगाची गादी बसलेली, बोटाने उचलली तर सलग निघाली. ती काढल्याबरोबर पंख्याचा आवाज अर्ध्यावर आला. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, जाळी काढून धुता येईल असं. हंगामात दर पंधरा दिवसांनी धुवा.

बाकीच्यांसाठी

ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्यांनी सातबारा, फॉर्म आणि प्रिंटसाठी नवा पीसी घेऊच नये. आठव्या पिढीपासूनचा ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप आणि त्यात एसएसडी, एवढं पुरतं. बीसीए करणाऱ्या मुलाकडे चालणारा लॅपटॉप असेल तर त्याने खुशाल थांबावं, त्याचं काही अडत नाही. फक्त गेमसाठी घेणाऱ्यानेही दिवाळीपर्यंत थांबायला हरकत नाही. ज्याची रोजी त्या पीसीवर चालते, त्याची गोष्ट वेगळी.

भाच्याची तुळशीच्या लग्नापासूनची अकरा लग्नं एडिटिंगला पडून होती. रविवारी आम्ही नागपुरात सीताबर्डीला जाऊन सामान आणलं, रात्री त्याच्या ओसरीवर जुळवलं. जुन्या काड्या इरेझरने पुसून बसवल्या, पहिल्याच झटक्यात १६ जीबी दिसली. वरमाळेचा तोच शॉट लावला. हार उचलला, गळ्यात पडला, मागची बाई हसली, सगळं सलग. एसएमपीएस ५५० वॅटचा घेतलाय, कार्डासाठीची आठ पिनची वायर गुंडाळून कॅबिनेटच्या तळाशी बांधून ठेवली आहे.