मोमेटासोनची साधी ट्यूब चालेल, 'ऑल इन वन' मलम नको

एक्झिमा, ॲलर्जीचं पुरळ किंवा सोरायसिसचे छोटे चट्टे असले की स्किनचे डॉक्टर बऱ्याचदा मोमेटासोन ०.१ टक्के हे स्टेरॉइडचं मलम लिहून देतात. ट्यूबमध्ये औषध एकच आणि लावायचं दिवसातून एकदाच. पाचपैकी चार तारे. स्टेरॉइड मलमांच्या ताकदीत हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सगळ्यात सौम्य, क्लोबेटासोल ०.०५ टक्के सगळ्यात जहाल आणि मोमेटासोन मधलं, पण कडक बाजूला झुकलेलं. टक्क्यांवरून ताकद ठरवू नका. ०.०५ वालं १ वाल्यापेक्षा कितीतरी पट कडक आहे.

लोक चुकतात ते मापात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात बोटांसकट दोन पंज्यांएवढी जागा होते. मूल लहान असलं तरी मापाला बोट मोठ्या माणसाचंच. दोन्ही कोपरांच्या घडीत पंजाएवढा एकेक चट्टा असेल तर रोज एक रेघ, चौदा दिवसांत सात ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब चार दिवसांत संपली तर तुम्ही फासताय. महिनाभर अर्धी पडून असेल तर नुसतं चाटवताय, आणि मग 'औषध लागू पडत नाही' म्हणणार. एक तारा कापलाय तो ट्यूबच्या तोंडासाठी: हे माप पाच मिलीमीटर तोंडाच्या ट्यूबचं आहे, छोट्या ट्यूबचं तोंड बऱ्याचदा त्याहून बारीक असतं. मग एका रेघेत औषध कमी येतं.

आंघोळीनंतर अंग टिपून घ्या, मॉइश्चरायझर लावा, वीस मिनिटं थांबा, मग मलम फक्त लाल, खरखरीत जागेवर. लाली गेली म्हणून लगेच थांबू नका, बोट फिरवून बघा. कातडी अजून जाड लागत असेल तर सूज आत आहे. बरं वाटल्यावर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं उतरवत आणायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. क्रीम की तेलकट ऑइंटमेंट? कोरड्या, भेगाळलेल्या जागेला ऑइंटमेंट सरस, पण जूनपासून पुढे मुंबईच्या दमटपणात ते दिवसा लावून लोकल गाठणं म्हणजे शिक्षाच. दिवसा लावायचं असेल तर क्रीम मागा, ऑइंटमेंट रात्री.

चेहरा, पापण्या, काख, जांघ इथे हे मलम स्वतःच्या मनाने अजिबात नको. तिथली कातडी पातळ असते, औषध झपाट्याने आत शिरतं. १९६७ च्या एका गाजलेल्या मोजणीत हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या तुलनेत कपाळावर सहा पट आणि वृषणाच्या त्वचेतून बेचाळीस पट शोषलं गेलं होतं. परिणाम: पांढुरके ताणाचे वळ (ते जात नाहीत), दिसणाऱ्या रक्तवाहिन्या, मुरुमं. डोळ्यांजवळ फार दिवस लावलं तर काचबिंदू.

आता 'ऑल इन वन'. क्लोबेटासोल, एक बुरशीनाशक, एक-दोन जंतुनाशकं, सगळं एका ट्यूबमध्ये. शून्य तारे. जांघेतल्या गजकर्णावर लोक हेच मागतात, कारण दोन दिवसांत खाज थांबते. खाज थांबवतं ते त्यातलं स्टेरॉइड, बुरशी तशीच असते. उलट शरीराचा विरोध दबल्याने ती मोकाट पसरते, गोल कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळ उगवतं. मलम थांबवलं की आग, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. यातून सुटायचं तर मुंबईत केईएम, सायन किंवा नायर हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत जा. चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशीचे धागे तिथेच दिसतात. लावत असलेली ट्यूब सोबत न्या. लपवलीत तर निदान चुकतं.

आणि गोरं करणारं म्हणून मैत्रिणीने सुचवलेलं क्रीम? खोका उलटा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिकडी दिसली तर ते वांगाचं औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडेच वापरायचं. महिनोन्‌महिने लावलं तर उन्हात चेहरा भाजल्यासारखा लाल होतो आणि क्रीम सोडवत नाही.

प्रेडनिसोलोनच्या (पोटात घ्यायचं स्टेरॉइड) गोळ्या दिल्या असतील तर सकाळी नाश्त्यानंतर घ्या. तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यावर अचानक बंद करू नका, शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, तोवर मंदावलेलं असतं. मधुमेह असेल तर साखर दुपारी जेवणानंतरही तपासा, सकाळची उपाशीपोटीची साखर अनेकदा फसवी निघते.

खरेदी करताना बिल मागा. वेष्टनावर लाल रेघ आणि आरएक्स असेल तर ते चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. मुदत ट्यूबच्या दुमडलेल्या टोकावर छापलेली असते, खालून गुंडाळत गेलं की तीच आधी गायब होते. खोका टाकू नका.